लग्नाआधीची अकरा सासरं

लग्न न करता अकरा सासरं करून आलेली बाई आमच्या परभणी जिल्ह्यात एकच झाली, आणि ती माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायची. झोपायची म्हणजे घोरायची. पण तिच्याबद्दल पुढं बरंच भलंबुरं लिहायचं आहे, तेव्हा सुरुवात जरा बेतानं केलेली बरी. आम्ही सगळ्या तिला अक्का म्हणायचो. वयानं ती आमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, अनुभवानं आमच्या आज्यांच्या बरोबरीची, आणि स्वतःच्या लग्नाच्या बाबतीत अगदी कोरी. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. गावोगाव मराठी शाळा निघत होत्या, त्यांना मास्तरणी हव्या होत्या, म्हणून सरकारनं परभणीत मुलींसाठी दोन वर्षांचं ट्रेनिंग काढलं होतं. इमारत भाड्याची होती आणि दारावरच्या जुन्या उर्दू पाटीवरच मराठी अक्षरं रंगवलेली होती. रंग इतका पातळ, की दमट हवेत दोन्ही भाषा एकदम दिसायच्या आणि कुठलीच धड वाचता यायची नाही. आत शिकणाऱ्या आमची गत काही फार वेगळी नव्हती.

सरकारच्या कागदावर आम्ही बावीसजणी भावी शिक्षिका होतो. घरच्यांच्या मते लग्न ठरेपर्यंत सोयीच्या जागी ठेवलेल्या मुली होतो. आणि आमचं स्वतःचं मत विचाराल, तर ते रविवारी डोक्यावरून न्हाल्यावर केस वाळवत बसलं की बाहेर पडायचं. गोदाकाठच्या एका मोठ्या जमीनदाराची मुलगी आमच्यात होती. तिला सासरी निदान माहेराएवढी तरी जमीन हवी होती, नवरा त्या जमिनीबरोबर येणारच होता. एका भिक्षुकाच्या मुलीला इंग्रजी शिकलेला पण सोवळं पाळणारा नवरा पाहिजे होता. असा माणूस आख्ख्या मराठवाड्यात त्या वेळी असेलच तर एखादा असेल. मी पूर्णेच्या रेल्वेवाल्याची मुलगी. वडील पॉइंट्समन, राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर. मला नवरा हवा होता तो रेल्वेचा पास असलेला. तो काळा की गोरा, रागीट की शांत, याचा मी विचारही केला नव्हता. पासावर दोघांना कुठंवर जाता येईल याचा मात्र बारकाईनं केला होता. अक्का हे सगळं भिंतीला टेकून, पाय लांब करून ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "तुमच्यातल्या एकीलाबी नवरा नको हाय. परत्येकीला आपलंच घर पायजे, जरा मोठं करून." मग आम्ही आठ दिवस तिच्याशी बोलायचो नाही. तिला ते कळायचं नाही, कारण त्या आठ दिवसांत तीच बोलत असायची.

ती पेडगावची. बापाला थोडीशी कोरडवाहू जमीन, आई लहानपणीच गेलेली. बापामागं पेरणीला चालत चालत ती मोठी झाली आणि गावात शाळा सुरू झाली तेव्हा चौदाव्या वर्षी पहिलीतल्या पोरांच्या मागं जाऊन बसली. पुढं मिडल पास होऊन ट्रेनिंगला आली तेव्हा तिच्या हाताला नांगराचे घट्टे होते आणि बोटाला शाईचा डाग. दोन्ही ती सारख्याच अभिमानानं दाखवायची. तिला आमची नावं कधी पाठ झाली नाहीत. झाली नाहीत म्हणजे तिनं करून घेतली नाहीत. लग्नात मुलीचं नाव बदलायचं, तांदळात नवं लिहायचं, ही आमच्याकडची रीत. "जे नाव चार महिन्यांत पुसायचंय ते पाठ करून काय फायदा? गाव काय बदलत न्हाई," असं म्हणून ती प्रत्येकीला तिच्या गावानं हाक मारायची. मी तिच्यासाठी 'पूर्णा' झाले. आमच्या एका मैत्रिणीचं गाव जरा अवघड नावाचं होतं. तिनं फार विनवण्या केल्या, पण अक्कानं सूट दिली नाही.

आता त्या अकरा सासरांबद्दल. नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्याबरोबर माहेरचं एक बाईमाणूस जातं, ती पाठराखीण. चार दिवस नवरीजवळ राहायचं, तिची वेणी घालायची, तिला रडू आलं तर आडोसा धरायचा, आणि चार दिवस झाले की परत यायचं, एवढंच तिचं काम. एरवी या कामावर घरातली एखादी म्हातारी मावशी पाठवतात. ती जेवते, झोपते, आणि परत आल्यावर "लोक चांगले आहेत" असं सांगते. अक्कानं हे काम पहिल्यांदा पत्करलं ते पेडगावात एका चुलतबहिणीच्या लग्नात, मावशीला ताप आला म्हणून. पण ती परत आली तेव्हा "लोक चांगले आहेत" असं म्हणाली नाही. तिनं सांगितलं, की त्या घरात विहीर दोन शेतं पलीकडं आहे, सासूला डाव्या कानानं ऐकू येत नाही पण तिच्या डाव्या बाजूला बसून बोललेलं सगळं कळतं, आणि नवरा भाकरी मोडायच्या आधी आईकडं बघतो. हे सगळं खरं निघालं. तेव्हापासून पंचक्रोशीत कुणाची मुलगी निघाली की बोलावणं अक्काला. ट्रेनिंगला आल्यावर तर तिचा हा उद्योग वसतिगृहाच्याच मुलींवर चालू लागला. लग्नसराईत ती वर्गात कमी आणि बैलगाडीत जास्त असायची.

तिच्या या उद्योगाला शास्त्राची बैठक दिली ती आमच्या मुख्य बाईंनी, नकळत. बाई पुण्याकडून आलेल्या. आम्ही 'लय' म्हटलं की त्या डोळे मिटून घ्यायच्या. धडा शिकवायचा तो ठरलेल्या पायऱ्यांनीच, असा त्यांचा नेम होता. प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन, संकलन आणि शेवटी उपयोजन, म्हणजे शिकलेलं पुढं वापरून दाखवणं. एकीनं पाठ घ्यायचा आणि दुसरीनं मागं बसून निरीक्षण वहीत या पायऱ्यांखाली टिपणं करायची. अक्काला ही वही इतकी आवडली की तिनं दुसरी एक शिवून घेतली, खास सासरांसाठी. त्यातलं एक पान मला अजून तोंडपाठ आहे. "प्रस्तावना : सासूबाईंनी 'ही सून नव्हे, लेकच' असे म्हणून पाठाची सुरुवात केली. हेतुकथन : दुसऱ्या दिवशी पहाटे, जात्याजवळ. शैक्षणिक साहित्य : जाते, चूल, दोन घागरी. भरपूर. वर्गनियंत्रण : उत्तम, सासरे घरात असताना कोणी बोलत नाही. संकलन : नवरीला सर्व समजले आहे, तरी ती हसते." आणि खाली 'उपयोजन' लिहून पुढची जागा मोकळी. ती जागा प्रत्येक पानावर मोकळीच असायची. मी कारण विचारलं तर म्हणाली, "ते मला चार दिवसांत कसं दिसंल? तुमी पुढं काय करताव त्याच्यावर हाय ते."

एकदा घोटाळा झाला. सहामाहीच्या वेळी अक्कानं तपासायला चुकून सासरांची वही दिली. आम्ही दोन दिवस जेवलो नाही. पाचव्या दिवशी वही परत आली. बाईंनी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली होती आणि लाल शाईनं शेरा मारला होता : "निरीक्षण सूक्ष्म. भाषा सुधारावी. पाठ घेणाऱ्यांपेक्षा ज्यांचा पाठ घेतला जातो त्यांच्याकडे लक्ष अधिक आहे, ते तसेच राहू द्यावे." अक्कानं तो शेरा सगळ्यांना वाचून दाखवला आणि भाषा मात्र सुधारली नाही. त्यानंतर बाईंनी लग्नसराईतल्या तिच्या गैरहजेरीबद्दल एकदाही विचारलं नाही.

तिच्या परीक्षा घ्यायच्या पद्धती तर ऐकण्यासारख्या होत्या. पहिल्या तीन दिवसांच्या जेवणावर ती विश्वास ठेवायची नाही. खायची मात्र पोटभर. पुरणाच्या पोळ्या ती इतक्या खायची की पेडगावात दुष्काळ पडलाय असा वऱ्हाडी मंडळींचा समज व्हायचा. पण घराची पारख करायची ती चौथ्या दिवशीच्या भाकरीवर. त्या दिवशी पाहुणे गेलेले असतात, गोड संपलेलं असतं, आणि भाकरीची चवड चुलीजवळ असते. नवरीला त्या चवडीतली वरची गरम भाकरी मिळते की तळाची गार, एवढंच ती बघायची. दुसरी परीक्षा वाचनाची. दुपारी घर जरा निवांत झालं की ती नवरीच्या हातात एक पुस्तक द्यायची, तिला ओसरीवर बसवायची आणि स्वतः शेजारी डोळे मिटून पडायची. "ते ठेव आता" असं कुणी म्हणेपर्यंत किती पानं वाचून होतात, ते मोजायचं. सगळ्यांत चांगल्या घरात सतरा पानं झाली होती. तिथली सासू झोपलेली होती असं पुढं कळलं, म्हणून अक्कानं ती परीक्षा रद्द धरली. एका घरात तर सासऱ्यानंच पुस्तक मागून घेतलं, उलटं धरलं, बराच वेळ पाहिलं आणि "चांगलं हाय" म्हणून परत दिलं. त्या माणसाला तिनं वहीत पैकीच्या पैकी दिले. ठेवून न घेता परत दिलं, हेच लय झालं, असं तिचं म्हणणं.

स्वतःच्या लग्नाचा विषय काढला की ती म्हणायची, "अजून निरीक्षणं चालू हायेत." स्थळं येत नव्हती असं नाही. एकदा जिंतूरकडचे लोक तिला बघायला थेट परभणीला आले. चालून दाखव म्हणाले, तर ही चालत चालत अंगणाबाहेर गेली आणि त्यांच्या गाडीला फेरी मारून, बैलांच्या माना चाचपून परत आली. मग पाटावर बसून म्हणाली, "बैलाच्या मानंला जखम झालीय, महिनाभराची असंल. मालकाला दिसली न्हाई व्हय?" मुलाकडचे उठले. तिचा बाप आमच्या दारात डोक्याला हात लावून बसला. "पोरी, तुला नवऱ्याला बघायला बोलावलं व्हतं का बैलाला?" तो म्हणाला. "दादा, ज्याला बैलाची मान दिसंना त्याला मी काय दिसनार?" ती म्हणाली. बापाला हे पटलं असावं, कारण तो तिथंच जेवून गेला आणि जाताना त्यानं स्वतःच्या बैलाच्या मानेवरून हात फिरवलेला मी खिडकीतून पाहिला. आम्हाला मात्र ती फार अति करते असंच वाटायचं. आम्ही बैल बघत नव्हतो, आम्ही आडनावं बघत होतो.

अकरावं सासर माझं. पहिलं वर्ष संपलं आणि वैशाखात माझं लग्न झालं. नवरा रेल्वेचा नव्हता. सेलूच्या बाजूला, स्टेशनापासून दोन कोस आत, चांगल्या शंभर एकरांच्या घरातला होता. पासाचा विचार मी एका संध्याकाळी सोडून दिला. एवढ्या जमिनीपुढं पास तो काय. माझं दुसरं वर्ष पुरं होऊ द्यायचं, असं वडिलांनी बोलणीत घातलं होतं आणि सासऱ्यांनी सुपारी चावत "शिकू द्या की" असं म्हटलं होतं. अक्का चार दिवस माझ्याबरोबर राहिली. भाकरी मला तळाची मिळाली. पुस्तकाचं पहिलं पान उलटायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "ते ठेव आता." अक्कानं वहीत काय लिहिलं ते तिनं मला दाखवलं नाही, फक्त निघताना म्हणाली, "पूर्णा, तुझ्या सासऱ्यानं सुपारी गिळली का थुंकली, ते बगाया पायजे व्हतं." मला तिचा राग आला. शंभर एकरांच्या घराबद्दल दोन बिघ्यांच्या माणसानं असं बोलावं, असंच काहीतरी माझ्या मनात आलं होतं. आज ते लिहिताना लाज वाटते, पण आलं होतं हे खरं.

ट्रेनिंग सुरू झालं आणि मी सासरीच. सलग सहा आठवडे गैरहजर राहिलं की हजेरीपटावरून नाव जायचं, आणि एकदा गेलं की परत घेत नसत. मी सासऱ्यांना विचारलं. ते नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "जा की. पन मुराळी आल्याबिगर सून धाडायची आमच्यात रीत न्हाई." मुराळी म्हणजे मुलीला माहेरी न्यायला आलेला तिकडचा माणूस. मला भाऊ नव्हता. वडिलांना रजा मिळत नव्हती. काका होते, पण लग्नात त्यांना टॉवेल-टोपी देताना काहीतरी राहून गेलं होतं आणि ते अजून रुसलेले होते. हे सगळं माझ्या सासऱ्यांना पक्कं माहीत होतं. चार आठवडे गेले, पाचवा गेला. माझी पुस्तकं सासूबाईंनी ज्वारीच्या कणगीत ठेवली होती, उंदीर खातील म्हणून. उंदीर कणगीतच जास्त असतात हे मी त्यांना सांगितलं नाही. सूनपणा माझ्या अंगात चांगला मुरायला लागला होता.

सहाव्या आठवड्यात एका दुपारी अक्का डोक्यावर पाटी घेऊन स्टेशनापासून चालत आली. पाटीवर पांढरं फडकं, आत कानवले. घरात न येता ती सरळ गल्लीत वळली आणि घरोघर दोन-दोन कानवले देत सुटली. मुराळी येतो तो शिदोरी घेऊन येतो, आणि ती शिदोरी भावकीत वाटली की सून माहेरी निघाली असं सगळं गाव समजतं, ही रीत सासऱ्यांच्या घरची तशीच तिचीही. फरक एवढाच, की आधी विचारायचं आणि मग वाटायचं असतं. आमच्या वाड्यापर्यंत ती पोचली तेव्हा निम्मी गल्ली तिच्या मागं होती आणि उरलेली निम्मी कानवला फोडायच्या खटपटीत होती. ते वसतिगृहाच्या मुलींनी केले होते, पहिल्यांदाच. सासरे ओसरीवर बसले होते.

"मुराळी आलाय," अक्का म्हणाली.

"कुठं हाय?"

"हा काय, मी."

सासऱ्यांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "बाईमानूस मुराळी कुठं आसतंय?"

"आसतंय का न्हाई ते मला ठावं न्हाई, मामा. शिदोरी आनली, वाटली. आता मुराळ्याला रिकाम्या हातानं धाडायची तुमच्यात रीत आसंल तर तसं सांगा, मी जाते. गल्लीला तुमीच सांगा मंग."

गल्ली ऐकतच होती. एका म्हातारीनं तर कानवला बाजूला ठेवून "कवा निघायलीस गं?" असं मला विचारलंसुद्धा. सासऱ्यांनी एकदा गल्लीकडं पाहिलं, एकदा रिकाम्या पाटीकडं. "आठ दिवस," ते शेवटी म्हणाले. "व्हय, आठ दिवस," अक्का म्हणाली. माझा नवरा आत गेला, कणगीत हात घालून पुस्तकं काढली, त्यांवरची ज्वारी झटकली आणि माझ्या ट्रंकेत ठेवली. लग्नानंतर त्यानं माझ्यासाठी केलेलं ते पहिलं काम, आणि मला तो माणूस आवडायला लागला तो तिथून. आठ दिवस पुढच्या एप्रिलपर्यंत चालले. मी पास झाले. गावच्या शाळेत मास्तरीण झाले, आणि "आमची सून शाळा चालवती" असं ज्याला त्याला सांगत फिरण्याचं काम सासऱ्यांनी आपणहून अंगावर घेतलं. मुराळ्याचा विषय ते कधी काढत नसत.

त्यानंतर तीनेक वर्षांनी अक्काचं कार्ड आलं. तिचं लग्न ठरलं होतं. पिंगळीचा शेतकरी, बिजवर, पहिली बायको वारलेली. "बैल चांगले आहेत," असं तिनं लिहिलं होतं. नवऱ्याबद्दलचं वर्णन तेवढ्यावर संपलं. खाली एक ओळ : "पाठराखीण तू ये. चारच दिवस." मी उलट टपाली कळवलं, की यायची फार इच्छा आहे पण घरून परवानगी मिळत नाही. पुढं आम्ही मैत्रिणी भेटलो तेव्हा कळलं, की तिनं सगळ्यांनाच विचारलं होतं आणि सगळ्यांनी हेच उत्तर पाठवलं होतं, जणू एकीनं फळ्यावर लिहून दिलं आणि बाकीच्यांनी उतरवून घेतलं. बाकीच्यांचं मला माहीत नाही. मी घरी विचारलंच नव्हतं. नवऱ्यानं नको म्हटलं नसतं, आणि सासरे तर त्या दिवसांत मला कुठंही पाठवायला तयार होते. पण शंभर एकरांच्या घरची सून, त्यात शाळेची मास्तरीण, एका बिजवराच्या लग्नात पाठराखीण म्हणून गाडीत मागं बसून जाणार, हे मलाच पटलं नाही. आमच्या घरच्या सुना अशा जात नसत. कुणी तसं सांगितलं नव्हतं. मी स्वतःच ठरवलं होतं.

पुढं दोन वर्षांनी शाळेच्या कामानं मला पिंगळीला जावं लागलं. काम दुपारीच संपलं. परतीची गाडी संध्याकाळची होती, म्हणून मी अक्काचं घर विचारत गेले. ओसरीवर तिच्या सासूबाई सूप घेऊन तूर पाखडत होत्या. दारात दोन खोंडं बांधलेली, मानेवरून तुकतुकीत. मी म्हटलं, मी तुमच्या सूनबाईंच्या ट्रेनिंगमधली मैत्रीण, मूळची पूर्णेची. म्हातारीनं सूप खाली ठेवलं.

"पूर्णेच्या? तुमीच का त्या?" त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "आवं, लगीन झालं तवा सून म्हनली, माझी पाठराखीण मागच्या गाडीनं यायलीय, पूर्णा हाय तिचं नाव. चार दिवस माझ्या लेकानं दुपारच्या रेल्वेसाठी बैल जुंपले की. रोज जायाचा, रोज रिकामा यायाचा. म्या म्हनलं, आसंल काई आडचन." मग त्या आत वळून म्हणाल्या, "सूनबाई, तुमची पाठराखीण आली. लय उशीर केला बगा गाडीनं."

त्या थट्टा करत नव्हत्या. परवानगी नाही असं माझं कार्ड अक्काला लग्नाआधीच मिळालं होतं. मग तिनं सासरच्या लोकांत आपली मान खाली जाऊ नये म्हणून तसं सांगितलं, की परवानगी नसताना माणूस कसं येतं हे तिनंच मला दाखवलं होतं म्हणून खरंच चार दिवस वाट पाहिली, हे मी तिला तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही.

अक्का पिठाच्या हातानंच बाहेर आली. "ये, पूर्णा," म्हणाली, आणि पाट मांडला. तिनं मला एका शब्दानं काही विचारलं नाही; आपल्या सकाळच्या शाळेतल्या पोरांबद्दल, बापाबद्दल, बैलांबद्दल बोलत राहिली. नवऱ्याबद्दल म्हणाली, "बरा हाय. म्या वाचत बसले तर दिवा जवळ सरकवतो." जेवायला वाढताना तिनं चवडीतली सगळ्यांत वरची भाकरी माझ्या ताटात घातली. मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून मी विचारलं, "अक्का, वहीत या घराचं पान लिहिलंस का गं?"

"न्हाई लिवलं," ती चुलीकडं बघत म्हणाली. "निरीक्षणाला दुसरं मानूस लागतं. आपलं आपन कसं लिवावं?"

चार दिवस राहा, असं तिच्या सासूबाई तीनदा म्हणाल्या. मी म्हटलं, उद्या शाळा आहे, घरी सांगून आले नाही. अक्काच्या नवऱ्यानं बैल जुंपले आणि मला स्टेशनावर आणून सोडलं. मी उतरत होते तेव्हा तो म्हणाला, "ही वाट बैलायच्या पाठ हाय." मी फलाटावर उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला मनापासून वाटलं, की गाडीला उशीर व्हावा, इतका व्हावा की चुकलीच असं म्हणून परत फिरता यावं. संध्याकाळची गाडी अगदी वेळेवर आली.